फोटोतला हात

अन्नपूर्णाबाईंची रजई भरून तयार होती. ती पोचती करायला कौसर त्यांच्या ओसरीवर चढली, तेव्हा भगवंतराव नुकतेच मोटारसायकलवरून उतरत होते. भगवंतराव म्हणजे पिंपळगाव राजातले कापसाचे खरेदीदार. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला कापूस उपसून चिमटीत ओढायचा, तोंड वाकडं करायचं आणि मग भाव सांगायचा, ही त्यांची सगळ्या गावाला पाठ असलेली रीत. त्या दिवशी मात्र त्यांनी ढिगाला हात लावला नाही. कापसाच्या खोलीचं दारही उघडायला सांगितलं नाही.

"रस्त्याकडच्या वावरातला घेतो," ते म्हणाले. "नाल्याकाठचा नाही घेत. कवडी आहे तो."

कवडी म्हणजे अळीनं खाल्लेल्या बोंडातला पिवळट, चिकटून बसलेला कापूस. अन्नपूर्णाबाईंनी तो वेगळा ठेवला होता हे खरं. पण खोलीला कडी होती आणि त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

"पाह्यला नाही, चाचपला नाही, अन् कवडी?" त्या हसल्या. "काऊन भाऊ, सपनात आला काय माहा कापूस?"

"सपनात काऊन येईल? फोनमंदी आला." भगवंतरावांनी फोन त्यांच्यासमोर धरला.

पडद्यावर एक फोडलेलं हिरवं बोंड होतं. आत गुलाबी अळी वळवळता वळवळता थांबल्यासारखी. बोंड धरलेला हात बाईमाणसाचा, आणि मनगटावर गोंदलेला विंचू. विंचवाची नांगी अर्धीच. लहानपणी गोंदणारीच्या सुईखालून अन्नपूर्णाबाईंनी हात ओढून घेतला होता, तेव्हापासून तो विंचू तसाच होता.

अन्नपूर्णाबाईंनी फोनकडे पाहिलं. मग स्वतःच्या मनगटाकडे. मग पुन्हा फोनकडे. त्यांचं हसू ओठांवरच राहिलं होतं, उतरायचं विसरल्यासारखं.

"हा तं माहा हात व्हय," त्या म्हणाल्या.

कौसरच्या काखेतली रजई सटकून ओसरीच्या पायरीवर पडली. तो फोटो तिनंच काढला होता.

कौसर खामगावच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. बाप नजीर पिंजारी, आई अमीरबी गाद्या-रजया शिवणारी. घरात पिंजणयंत्र, आणि आजोबांची धुनकी, कापूस पिंजायची कमान, खुंटीला. कापूस झाडावरून उतरल्यावर त्याचं काय होतं हे त्या घराला तीन पिढ्या ठाऊक होतं. झाडावर असताना काय होतं हे कौसरला पाहायचं होतं. बीटी बियाण्याच्या पिशवीवर अळी लागणार नाही असं छापलेलं असताना अळी बोंडात शिरते कशी, याचं तिला भारी कुतूहल. पावसाळाभर ती बायकांच्या मागे वावरातून हिंडली. बोंड फोडायचं, फोटो काढायचा, आणि फोनवरच्या एका फुकट ॲपमध्ये टाकायचा. हिरव्या पानाचं चित्र असलेलं ते ॲप कुठला रोग, कुठली अळी ते सांगायचं. कोणत्या गटातलं वावर, कोणाचं, कोणत्या तारखेचं, हेही भरून घ्यायचं. कौसरला ते फार आवडायचं. नोंद असावी तर अशी. तिचा फोन जुना, जागा कमी. म्हणून फोटो ॲपमध्ये गेला की ती फोनमधून पुसून टाकायची.

"हे कोनाले दिसते व?" अन्नपूर्णाबाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"कोणालेच नाही काकू. आपल्या खात्यात राह्यते."

आता ते खातं भगवंतरावांच्या तळहातावर उघडं पडलं होतं.

"तुमच्याजवळ कसं आलं हे?" कौसरनं विचारलं.

"तुह्याजवळ शेतकऱ्याचं ॲप, माह्याजवळ व्यापाऱ्याचं. कंपनी एकच आहे, पोरी. इकडच्या दारानं तुम्ही टाकता, तिकडच्या दारानं आम्ही पाह्यतो. तुम्हाले फुकट, आम्ही पैसे भरतो." भगवंतराव रागावले नव्हते, उलट शिकल्यासवरल्या पोरीला हे माहीत नसावं याचंच त्यांना नवल वाटत होतं. "मी काय चोरी केली? तुम्हीच तं टाकला."

अन्नपूर्णाबाईंनी पदर ओढून मनगट झाकलं. कौसरला ते पाहवलं नाही.

*

अकरम म्हणजे कौसरचा चुलतभाऊ. खामगावात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तिनं सगळं सांगितल्यावर त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"तुले काय वाटलं, फोटो आभाळात जाऊन बसतात? कोनाच्या तरी मशीनमंदी जातात ते. ज्याचं मशीन, त्याची मर्जी."

"मंग मशीन आपलं असलं तं?"

अकरम उठला आणि फळीवरून एक जुना लॅपटॉप काढून दिला. पडद्याला आडवी चीर, दोन बटणं गायब. "घे. पडद्याचं तुले कामच नाही. याले चालू ठेवायचं, बस. सारे फोटो याच्यात, अन् फोनवरून पाह्यचे. पन आयकून घे, याची डिस्क म्हातारी आहे. दुसरी डिस्क घेऊन तिच्यातही उतरवून ठेवजो. एकावर राहू नको."

"हाव," कौसर म्हणाली.

पुढचे काही दिवस नजीरमियांच्या घरात पिंजणयंत्राइतकीच लॅपटॉपचीही चर्चा होती. कौसरनं तो समोरच्या खोलीतल्या कोनाड्यात बसवला. फुकट मिळणारी एक प्रणाली त्यात घातली. फोटो ठेवायचं, तारखेनं लावायचं, परवलीचा शब्द मागायचं काम ती करायची. पहिल्यांदा काहीच चाललं नाही. मग चाललं, तर वीज गेली की घरातल्या राउटरनं लॅपटॉपला नवाच पत्ता द्यायचा आणि फोनला तो सापडायचा नाही. कौसरनं पत्ता पक्का बांधून टाकला. लॅपटॉपची बॅटरी भारनियमनात तग धरायची, राउटर धरायचा नाही. म्हणून तिनं फवारणी पंपाची बॅटरी राउटरला जोडली. दोन्ही बारा व्होल्टचे, हे तिनं मीटर लावून दोनदा पाहून घेतलं होतं.

"फवारनी कशानं करू आता?" नजीरमियांनी विचारलं. "इंटरनेटनं?"

"वावर कुठे आहे अब्बा आपल्याले? शेजारच्या सिंधूताईचा पंप होता, त्याचा नळा फुटला म्हनून पडून होता."

"मंग ठीक आहे. अळीचे फोटो काढाले अळीच्याच दवाईची बॅटरी. हिशोब बरोबर लागला."

ज्या दिवशी ॲपमधले सगळे फोटो घरच्या कोनाड्यात उतरले, त्या दिवशी कौसरनं अन्नपूर्णाबाईंना बोलावलं. फोनवर घरचं पान उघडून दाखवलं. नाल्याकाठचं वावर, तारखा, बोंडं, विंचवाचा हात. सगळं होतं.

"आता तिकडचं मिटवायचं. तुम्हीच दाबा काकू."

पडद्यावर प्रश्न होता: खातं आणि सर्व फोटो कायमचे मिटवायचे? अन्नपूर्णाबाईंनी बोट टेकवलं. काही झालं नाही. कापूस वेचून त्यांच्या बोटाची कातडी अशी झाली होती की फोनला ते बोटच वाटेना. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा.

"मेलं जात नाही व," त्या म्हणाल्या.

शेवटी अमीरबीनं त्यांचं बोट ओल्या फडक्यानं पुसलं, तेव्हा कुठे ते गेलं. पडद्यावर आलं: आपले फोटो मिटवले आहेत. अन्नपूर्णाबाईंनी मनगटावरचा पदर मागे सारला आणि चहा मागितला. कौसरला एवढं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसरी डिस्क तेवढी राहिली. अकरमकडे आली की घेऊ, म्हणून राहिली.

*

त्या फोटोंची खरी गरज त्यानंतर पडली. अन्नपूर्णाबाईंनी नाल्याकाठच्या वावरातल्या बियाण्याबद्दल तक्रार दिली होती. ज्या दुकानातून बियाणं घेतलं, तिथला मालक लोकांत सांगत फिरत होता की बाईनं फवारणीच केली नाही, अळी शेवटी शेवटी आली, आणि आता बियाण्यावर ढकलते. तालुक्याची समिती पाहायला येणार असा निरोप आला, तोवर कापसाची पऱ्हाटी उपटून तिथे हरभरा उगवला होता. झाड नाही, बोंड नाही. अळी हिरव्या बोंडात, पहिल्या वेचणीच्याही आधी शिरली होती, हे सांगणारे उरले होते फक्त फोटो.

"नवरा गेल्यापासून गावानं मले सारं म्हनलं," अन्नपूर्णाबाई कौसरला म्हणाल्या. "आळशी मात्र कोनी म्हनलं नव्हतं. थे फोटो नीट ठेवजो माय."

"घरीच आहेत काकू. कुठे जातात?"

समिती यायच्या आधी कौसरला एका परीक्षेसाठी बुलढाण्याला जावं लागलं. तिथे मैत्रिणीकडे मुक्काम झाला. परतली ती एसटीतून उतरून सरळ घरी. पिंजणयंत्र चालू होतं. थंडी पडल्यामुळे रजयांचं काम वाढलं होतं आणि खोलीभर पांढरी पिंज उडत होती. कौसरनं सवयीनं कोनाड्याकडे पाहिलं.

कोनाड्यात लॅपटॉप नव्हता. तिथे एक छोटी, गुबगुबीत, लाल छिटाची रजई होती. चारी कडांना बारीक टाके, मधे नक्षी, आणि तारा बाहेर काढायला एका कोपऱ्यात व्यवस्थित काज केलेलं.

"पाह्यलं का?" अमीरबी मोठ्या कौतुकानं म्हणाली. "सारी पिंज त्याच्यावरच बसत होती बेटा. म्हनलं, कचरा गेला आत तं बिघडीन. नव्या कापसाची बनवली. खालून बी आहे, वरून बी आहे. असं गुंडाळलं का कनभर बी नाही जानार आत!"

कौसरनं रजईवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. चुलीवरून उतरवलेल्या तव्याला हात लागावा तसं झालं. तिनं टाके उसवायचीही वाट पाहिली नाही. रजई ओढून फाडली. आतून गरम प्लॅस्टिकचा वास आला. लॅपटॉप बंद होता. ती त्याला घेऊन अंगणात गेली, सावलीत ठेवला, ओढणीच्या पदरानं वारा घालत बसली. लॅपटॉपला वारा घालण्यात काही अर्थ नाही हे शिकलेल्या डोक्याला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. थंड झाल्यावर तिनं बटण दाबलं. आतून आवाज आला: टिक. थोडं थांबून पुन्हा: टिक. त्यापलीकडे काही नाही.

पिंजणयंत्र थांबलं होतं. नजीरमिया दारात उभे होते. अमीरबीच्या हातात फाटकी लाल रजई होती.

"मी मारलं का त्याले?" तिनं विचारलं.

कौसरला ओरडायचं होतं. पण ओरडायचं कोणावर? मशीनला हवा लागते हे तिनं आईला कधी सांगितलंच नव्हतं. पिंजाऱ्याच्या घरात कुठलीही नाजूक वस्तू जपायची तर कापसात गुंडाळतात. बाटली असो, घड्याळ असो, नवं पोर असो. आणि दुसरी डिस्क आणायची कोणी होती?

"नाही अम्मी," ती म्हणाली, आणि खाली बसली.

संध्याकाळी खामगावच्या दुकानात अकरमनं डिस्क कानाला लावली, डॉक्टर छातीला नळी लावतो तशी. मग मान हलवली. "आतली सुई अडकली. पुन्याले पाठवून पाहू, पन भरवसा नाही. अन् समिती?"

"उद्या."

*

अन्नपूर्णाबाईंना सांगायला कौसर सकाळीच गेली. त्या अंगण झाडत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा खराटा थांबला, पण त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"एकही नाही?"

"एकही नाही काकू. फोनमंदी नाही, ॲपमंदी नाही. घरी होते थे..."

"म्हंजे जे लपवाचं होतं थे साऱ्यायनं पाह्यलं," अन्नपूर्णाबाई सावकाश म्हणाल्या, "अन् जवा दाखवाचं आलं, तवा गेलं."

अन्नपूर्णाबाईंनी खराटा भिंतीला टेकवला आणि वहाणा घातल्या.

"चाल."

"कुठे?"

"भगवंतरावाच्या काट्यावर. त्याच्या फोनमंदी होता ना माहा हात?"

"तिथं आता नसन काकू. तुम्हीच तं मिटवला. कायमचा."

"असो का नसो. पाहून येऊ."

काट्यावर गर्दी होती. गाठोडी उतरत होती, तुळशीराम हमाल वजनं ओरडून सांगत होता. भगवंतराव खुर्चीत बसून पावत्या फाडत होते. अन्नपूर्णाबाईंनी काय हवं ते सांगितल्यावर त्यांनी फोन काढला, बोट वरखाली फिरवलं, आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

फोडलेलं बोंड. गुलाबी अळी. अर्ध्या नांगीचा विंचू. खाली गट क्रमांक, वावराचं नाव, तारीख. आणि मालकाच्या जागी, अजूनही: अन्नपूर्णाबाई.

कौसरनं फोनच्या इतकं जवळ तोंड नेलं की भगवंतरावांनी तो मागे घेतला. पहिल्यांदा हा फोटो पाहिला तेव्हा तिला धक्का बसला होता. आता त्याहून मोठा बसला. ते ओलं फडकं, ते बोट, तो पडदा, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"पन मिटवला होता," ती म्हणाली. "तसं लिहून आलं होतं. मिटवले म्हनून."

"तुह्यापासून मिटले, पोरी," भगवंतराव म्हणाले. "माह्यापासून काऊन मिटतील?"

तुळशीराम हातातलं वजन तसंच धरून इकडे वळला.

"समितीले दाखवा लागते हे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "आज येऊन राह्यले थे."

भगवंतरावांनी फोन खिशात घातला. "तसं नाही जमत बाई. हे बाहेर दाखवाची परवानगी नाही. कंपनी माहं खातं बंद करन. अन् थ्या बियान्याच्या दुकानवाल्यासंगं माहा रोजचा उठनाबसना. मले काऊन मधात ओढता?"

"मी कुठं ओढलं? तुमीच माह्या ओसरीवर घेऊन आले होते."

"थे धंद्यासाठी."

अन्नपूर्णाबाईंनी पदर मागे सारला आणि उघडं मनगट काट्याच्या पाटीवर, वजनांच्या शेजारी ठेवलं. सुकल्या बोंडांच्या टोकदार नख्यांनी ओरखडलेला हात, आणि त्यावर तो अर्धवट विंचू.

"हे पाय भाऊ. हा हात कोनाचा हाय?"

भगवंतरावांनी पुढची पावती फाडली.

"तुह्या खिशात हाय थो कोनाचा हाय? तुळशीराम, तू सांग. याचा हाय का माहा हाय?"

"तुहाच व मावशी," तुळशीराम म्हणाला. "साऱ्या गावाले ठावूक आहे थो लंगडा इच्चू."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, भगवंतराव सोडून.

"मंग माहा हात मले वापस दे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता, आणि हात पाटीवरून उचललाही नव्हता. मागे लोकांच्या गाठोड्यांची रांग लागली होती आणि पाटी रिकामी होत नव्हती.

भगवंतरावांनी रांगेकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि फोन काढून तिथेच, हाताच्या बाजूला ठेवला. "मी काई दिलं नाही. मी पानी प्याले जाऊन राह्यलो. मांगून कोनी काय केलं, मले काय मालूम?" आणि ते खरोखरच माठाकडे गेले.

कौसरनं स्वतःचा फोन काढला. पहिला फोटो हलला. तिनं श्वास रोखून दुसरा काढला: पाटीवर फोन, फोनमध्ये बोंड, तारीख आणि विंचू; आणि फोनच्या बाजूला, उन्हात, तोच विंचू जिवंत. मग पुढचा फोटो, मग त्याच्या पुढचा. नाल्याकाठच्या वावराचे जेवढे होते तेवढे सगळे. काढल्या काढल्या तिनं ते अकरमला पाठवले आणि तो "मिळाले" म्हणेपर्यंत जागची हलली नाही.

*

समिती दुपारी हरभऱ्याच्या बांधावर उभी राहिली. साहेबांनी फोटो पाहिले, तारखा उतरवून घेतल्या. दुकानमालक म्हणाला, बोंड कोणाच्याही वावरातलं असू शकतं, हात कोणाचाही असू शकतो. अन्नपूर्णाबाईंनी मनगट पुढे केलं. साहेबांनी चष्मा वर करून विंचू पाहिला, फोटोतला पाहिला, आणि लिहिलं: फोटोतील हात तक्रारदाराचाच असल्याचे समक्ष पाहिले. हिरव्या बोंडात अळी, पहिल्या वेचणीपूर्वी.

लिहिता लिहिता साहेब थांबले. "पण फोटो तुम्ही काढलेले, शेत यांचं, हात यांचा. मग दुसऱ्याच्या फोनचा फोटो का काढावा लागला? मूळ फोटो कुठे आहेत?"

कौसरनं तोंड उघडलं.

"तिच्या घरी गादी घालतात फोटोले," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तुमी लिवा साहेब."

आठवडाभरानं अकरम स्वतः पिंपळगावला आला. पुण्याहून डिस्क रिकामीच परतली होती. त्यानं दुसरा लॅपटॉप आणला आणि दोन नव्या डिस्का. या वेळी कौसरनं आईला शेजारी बसवून पंखा कुठे आहे, हवा कुठून आत जाते, कुठून बाहेर येते ते दाखवलं. अमीरबीनं भोकाशी तळहात धरून वारा लागतो का ते पाहिलं. पिंजणयंत्र मागच्या खोलीत गेलं. दुसरी डिस्क अन्नपूर्णाबाई स्वतःच्या घरी घेऊन गेल्या. कौसरनं दर बाजारच्या दिवशी तिथे जाऊन नवे फोटो उतरवायचे असं ठरलं.

"माह्यावर भरवसा नाही काय काकू?"

"तुह्यावर हाय. तुह्या मायच्या सुईवर नाही."

पुढच्या हंगामात पहिलं बोंड फोडायची वेळ आली, तेव्हा कौसरनं फोन धरला आणि म्हणाली, "काकू, बोंड दगडावर ठेवा. हात येऊन राह्यला फोटोत."

तिला आता कुठल्याही फोटोत कोणाचा हात नको होता. फोटो घरच्याच मशीनमध्ये जाणार होता, तरी नको होता. पडद्यावरचं "मिटवले आहेत" तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

अन्नपूर्णाबाईंनी बोंड दगडावर ठेवलं नाही. उलट मनगट जरा वळवून विंचू वर आणला.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "हात नसता तं थो फोटो कोनाचा झाला असता? काढ."

कौसरनं काढला.